पुठ्ठा, कांद्याची साल आणि इंग्रजीच्या चार ओळी

महाराष्ट्रातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकविण्याचा निर्णय सन २००० मध्ये अंमलात आला, तेव्हा शालेय शिक्षणाचे खाते ज्यांच्याकडे होते त्या प्रा. रामकृष्ण मोरे यांचे नाव आज चिंचवडच्या प्रेक्षागृहास आहे. पुढे २००३ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने पर्यावरणशिक्षण सर्वत्र सक्तीचे झाले, आणि या दोन विषयांची सांगड घालून मुलांकडून काही हस्तकाम करवून घ्यावे व त्यावर इंग्रजीत चार ओळी लिहवून घ्याव्यात, ही रीत चांगली असूनही तिच्याभोवती गैरसमजांचे रान माजले.

पहिला समज असा, की ‘टाकाऊपासून टिकाऊ’ या मथळ्याखाली जे जे मांडले जाते ते ते पर्यावरणास हितकर असते. प्रत्यक्षात थर्माकोलची पृथ्वी, चमकीचा समुद्र आणि दुकानातून मुद्दाम विकत आणलेला रंगीत कार्डबोर्ड असा तो ऐवज असतो, जो पुष्कळदा पालकांनी रात्र जागवून सिद्ध केलेला असतो आणि प्रदर्शन उठताच कचऱ्यात जातो. चमकी ही बहुधा धातूचा मुलामा दिलेल्या प्लॅस्टिकचीच बारीक कात्रणे होत. आणि सजावटीच्या थर्माकोलवर तर महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने बंदीच जारी केली आहे. नदी वाचवा असे लिहिलेला फलक त्याच थर्माकोलवर डकवावा, यातील विसंगती मुलांच्या आधी मोठ्यांच्या ध्यानात यावयास हवी.

दुसरा समज याहून खोल रुजलेला आहे. भोसरी, तळवडे, चाकण अशा कारखानदारीच्या मुलखात निसर्ग तो कोठला, त्यासाठी मुलांना सहलीलाच न्यावयास हवे, असे अनेकांस वाटते. वस्तुतः पवना आणि इंद्रायणी याच वस्तीतून वाहतात, निगडीला दुर्गा टेकडी आहे, आणि चाकणची बाजारपेठ तर मोटारींच्या कारखान्यांच्या कितीतरी आधीपासून कांदा-बटाट्यासाठी प्रसिद्ध आहे. तेथे पायदळी जाणारी कांद्याची वाळकी साल पाण्यात उकळली असता तांबूस रंग उतरतो. तुरटीच्या पाण्यातून काढलेल्या सुती चिंधीवर तोच रंग सोनेरी पिवळा चढतो, आणि गंजके खिळे भिजविलेले पाणी त्यात मिसळले की हिरवट काळपट होतो. उकळण्याचे काम अर्थात बाईंनी करावे. साल वेचणे, चिंधी बुडविणे आणि रंग पालटताना पाहणे हे मुलांचे. मग ‘वुई पुट द क्लॉथ इन. इट इज यलो नाऊ.’ एवढे वाक्य जे मूल लिहिते, ते त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. परिसरातील सामग्रीवर शिक्षण उभारण्याची ही वाट नवी नव्हे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला खडे, शिंपले, बिया आणि पाने यांवरच बालवाडी चालविली होती.

इंग्रजीच्या तासाला मराठी शब्द उच्चारला की इंग्रजी बिघडते, हाही असाच एक नाहक धाक. कॅनडातील जिम कमिन्स यांनी १९७९ च्या सुमारास मांडले, की मातृभाषेत दृढ झालेली वाचन-लेखनाची व विचाराची शक्ती दुसऱ्या भाषेच्या कामी येते. रंग का पालटला याची चर्चा मुलांनी मराठीत, हिंदीत, कन्नडात खुशाल करावी; चाकणच्या वर्गात या साऱ्या भाषा हजर असतातच. लिहिण्याची वेळ आली की इंग्रजीस वाव द्यावा.

स्पेलिंग पक्के झाल्यावाचून लिहू देऊ नये, या समजुतीने मात्र सर्वांत अधिक नुकसान केले आहे, कारण तिच्यापायी मुलांची वही फळ्याची नक्कल होऊन बसते. चार्ल्स रीड या अमेरिकन अभ्यासकाने १९७१ साली दाखवून दिले, की लहान मुलांच्या चुका बेशिस्त नसतात: अमेरिकन मुले ‘ट्रक’चा आरंभ ‘सी-एच-आर’ने करीत, कारण त्यांच्या उच्चारात तेथे ‘च’ची छटा खरोखरीच असते. आपल्याकडे उत्तरेतून आलेल्या कामगाराचे मूल ‘स्कूल’च्या आधी ‘आय’ लिहिते, तेही त्याच्या कानाला प्रामाणिक राहूनच. तेव्हा पहिल्या खर्ड्यावर लाल शेरा मारू नये. दुरुस्ती दुसऱ्या वाचनात, मुलाला शेजारी बसवून करावी.

राहता राहिला भंगाराचा प्रश्न. कारखान्यातून फुकट मिळते ते सारे हस्तकामास चालते असे समजून कोणी लेथवरचा धातूचा कीस वर्गात आणतो. तो धारदार असतो आणि बहुधा तेलाने माखलेला. पुठ्ठ्याचे कोरडे, स्वच्छ खोके मात्र जरूर आणावेत. त्यांवरील ‘फ्रॅजाइल’, ‘धिस साइड अप’ आणि उघड्या छत्रीचे चिन्ह ही या पट्ट्यातील मुलांची आयती वाचनमाला आहे, आणि तिच्यावरून आपल्या रंगीत चिंध्यांच्या खोक्यावर स्वतःची सूचना लिहिणे हा उत्तम पाठ होतो. प्लॅस्टिकच्या बरणीवरील त्रिकोणातला आकडा पुनर्वापराची हमी देत नाही, केवळ प्लॅस्टिकची जात सांगतो, हेही तेथेच शिकवावे. परदेशी मालासोबत येणाऱ्या लाकडी पॅलेटवर ‘एच टी’ असा शिक्का असल्यास लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेले असते; ‘एम बी’ असल्यास मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूने. दुसऱ्या प्रकारची फळी वर्गात घेऊ नये, आणि शिक्का पुसट असेल तर तीही बाहेरच ठेवावी.