पाला आणि सोफा, दोन्ही सुटे हवेत

वाळका पाला आणि मोडका सोफा यांना कचरा म्हणावं लागतं ते मुख्यतः आपण ते इतर गोष्टींत मिसळू देतो म्हणून. पानगळीत सोसायट्यांच्या आवारात पोत्यांनी पाला साठतो आणि तो कोपऱ्यात ढकलून काडी लावण्याची सवय अजून गेलेली नाही. खरं तर २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरा जाळायला मनाई केली आणि बागेचा कचरा वेगळा ठेवायला सांगितलं. त्यामागे साधं शास्त्र आहे. भाज्यांच्या सालींत पाणी आणि नत्र जास्त असतं. नुसत्या साली साठवल्या की हवा कोंडते, पाणी सुटतं, घाण वास येतो. वाळक्या पाल्यात कर्ब भरपूर असतो. कर्ब-नत्राचं प्रमाण तिसास एकच्या आसपास आलं की जिवाणू जोमाने कामाला लागतात आणि पुरेसा मोठा ढीग ५५-६० अंशांपर्यंत तापतो. म्हणजे आपण जाळतो ती वस्तू ओल्या कचऱ्याच्या खताला हवीच असते. पुण्यात २०१६ पासून ‘ब्राउन लीफ’ हा उपक्रम पाला जास्त असलेल्यांची आणि तो हवा असलेल्यांची गाठ घालून देतो.

पाल्याच्या ढिगात उंदीर-साप होतात, ही तक्रार खोटी नाही. पण उंदीर येतात ते उष्ट्या-खरकट्याला आणि न हलवलेल्या कोरड्या ढिगातल्या आडोशाला. ढीग भिंतीपासून दूर, जाळीच्या पिंजऱ्यात ठेवावा, ओलसर राखावा, अधूनमधून खालीवर करावा आणि त्यात शिजवलेलं अन्न टाकू नये. झावळ्या-फांद्यांना मात्र तुकडे करणारं यंत्र लागतं. ते चार सोसायट्यांनी मिळून घ्यावं.

सोफ्याचं दुखणं वेगळं. कापसाची गादी पिंजून पुन्हा भरता येते आणि लोखंडी कपाट भंगारवाला आनंदाने उचलतो. सोफा बघून तो मान हलवतो. सोफा उलटा केला की कारण दिसतं: तळाचं काळं कापड पिनांनी ठोकलेलं, आत पट्ट्या आणि स्प्रिंगा, प्लायवर चिकटवलेला फोम, त्यावर ताणलेलं रेक्झिन. लाकूड धड असलं तरी ते सोडवण्याच्या मजुरीला कोणी पैसे देत नाही. म्हणून सोफा रात्री रस्त्याकडेला जातो आणि एका पावसात उरलासुरला कामातून जातो. कर भरतो, न्यायची जबाबदारी महापालिकेची, हे म्हणणं रास्तच आहे. पण दाबयंत्राच्या गाडीत गेलेल्या सोफ्यातून काहीच वेगळं निघत नाही. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था जुन्या सामानासाठी संकलन शिबिरं घेत आली आहे. तेव्हा मागणी करायची ती नुसत्या गाडीची नको, प्रभागात सामान सोडवायच्या शेडची आणि तिथे राबणाऱ्यांना रीतसर मजुरीची हवी. आणि नवा सोफा घेताना दुकानदाराला विचारावं, सांगाडा स्क्रूने जोडलाय की नुसता चिकटवलाय.