घर खालापुरात, संगणक म्हणतो मुंबईत!

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरून जाणाऱ्या बहुतेकांना खालापूर ठाऊक असते ते टोलनाक्यामुळे. बोरघाटाच्या पायथ्याशी वसलेला हा तालुका धड मुंबईत मोडत नाही आणि पुण्यात तर नाहीच. मात्र येथील एखाद्या घरात ब्रॉडबँडची जोडणी घेऊन संगणक सुरू केला, की हवामानाचे संकेतस्थळ पुण्याचे आकाश दाखवू लागते, जाहिराती अंधेरीतील दंतवैद्यांच्या येतात आणि कधी बँकेकडून ‘आपल्या खात्यात नव्या शहरातून प्रवेश झाला आहे’ असा इशारा येऊन घरातील ज्येष्ठांची झोप उडते. इंटरनेट उत्तम चालते, वेगही ठीक असतो. चुकते ते फक्त ठिकाण.

ही चूक दरवेळी गमतीची नसते. घाटाच्या पायथ्याला पाऊस कोसळत असताना घाटापलीकडे पर्जन्यछायेतील पुण्यात केवळ रिमझिम असू शकते. १९ जुलै २०२३ च्या रात्री याच तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. अशा मुलखात पावसाचा इशारा भलत्याच जिल्ह्याचा दिसणे ही केवळ गैरसोय म्हणून सोडून देता येत नाही.

या गोंधळाच्या मुळाशी एक जुनी सवय आहे. तारेच्या दूरध्वनीचा क्रमांक गाव सांगत असे. ०२१९२ म्हटले की खोपोली-खालापूर आणि ०२१४८ म्हटले की कर्जत, हे पंचक्रोशीतील कोणालाही कळे. इंटरनेटवर प्रत्येक जोडणीला मिळणारा आयपी क्रमांकही तसाच असावा, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात त्या क्रमांकात गाव, तालुका, जिल्हा यांपैकी काहीही दडलेले नसते. जगातील या क्रमांकांचा साठा आयाना ही संस्था सांभाळते. तिच्याकडून आशिया-प्रशांत विभागाचे क्रमांक ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथील ॲपनिककडे येतात. भारतात २०१२ पासून आयआरआयएनएन ही नोंदणी संस्था ते सेवा कंपन्यांना देते. नोंदवहीत नाव लागते ते कंपनीचे आणि पत्ता बहुधा तिच्या मुख्यालयाचा. कंपनी त्यांतील हजारो क्रमांकांचा गठ्ठा आज ठाण्यात वापरील, उद्या रायगडात. त्याची वर्दी कोणाला द्यावी, असे तिच्यावर बंधन नसते.

मग संकेतस्थळाला शहराचे नाव कुठून कळते? कळत नाही, ते अंदाज विकत घेते. कोणता क्रमांक कोणत्या शहरात असावा, याचे तक्ते तयार करणाऱ्या खासगी कंपन्या आहेत. नोंदवहीतील पत्ते, संदेशाला जाण्या-येण्यास लागणारा वेळ आणि वापरकर्त्यांकडून मिळालेली माहिती यांची गोळाबेरीज करून त्या शहर ठरवतात. देश बहुधा बरोबर निघतो. शहराच्या बाबतीत मात्र गाडी अनेकदा घसरते. खालापुरातील वाहतूक ज्या मोठ्या केंद्रातून बाहेरच्या जगात पडते, ते केंद्र मुंबईत असेल तर तक्ता मुंबई म्हणतो आणि पुण्यात असेल तर पुणे. दोन कंपन्यांचे तक्ते एकाच घराला दोन शहरांत बसवतात, ते त्यामुळेच.

अशा अंदाजाला पत्ता समजले की काय होते, याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील आहे. मॅक्समाइंड या कंपनीने, ज्या क्रमांकांचा देश अमेरिका आहे एवढेच माहीत होते, त्यांच्यासाठी देशाच्या मध्याजवळचा एक ढोबळ बिंदू ठरवला. तो नेमका कॅन्सस राज्यातील एका शेतावर पडला. साठ कोटींहून अधिक आयपी क्रमांक त्या शेतघराकडे बोट दाखवू लागले आणि फसवणूक झालेले लोक, पोलीस व सरकारी अधिकारी तेथील निरपराध रहिवाशांच्या दारात वर्षानुवर्षे येत राहिले. २०१६ मध्ये पत्रकारितेतून हा प्रकार उघड झाल्यावर कंपनीने तो बिंदू हलवला, तोही थेट एका जलाशयात!

इतके दूर जाण्याचीही गरज नाही. ऑर्कुटवर छत्रपती शिवाजी महाराजांविषयी आक्षेपार्ह मजकूर टाकल्याच्या संशयावरून पुणे पोलिसांनी ऑगस्ट २००७ मध्ये बेंगळुरूच्या एका संगणक अभियंत्याला अटक केली. आधार होता आयपी क्रमांकाचा. तो क्रमांक त्या वेळी कोणाकडे होता, याची सेवा कंपनीने दिलेली माहितीच चुकीची निघाली. ते उलगडेपर्यंत या तरुणाला पन्नास दिवस येरवड्याच्या कारागृहात काढावे लागले. तेथे चूक तक्त्याची नव्हती, ग्राहकाच्या नोंदीची होती. परंतु क्रमांक म्हणजेच माणूस आणि क्रमांक म्हणजेच घर, हा समज दोन्हीकडे सारखाच होता.

गेल्या काही वर्षांत गुंता आणखी वाढला आहे. जुन्या पद्धतीचे आयपी क्रमांक एकूण सुमारे ४२९ कोटी. त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. तेव्हापासून अनेक कंपन्या एकच बाहेरचा क्रमांक शेकडो घरांना वाटून देतात. राऊटरच्या माहितीच्या पानावर दिसणारा बाहेरील जोडणीचा क्रमांक १००.६४ ते १००.१२७ या आकड्यांनी सुरू होत असेल, तर आपले घर अशा सामायिक दाराआडचे आहे, असे खुशाल समजावे. त्या दारावर जी पाटी असेल, तीच खोपोली, चौक आणि रसायनीच्या साऱ्या ग्राहकांच्या नावावर लागते.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी चूक कोणाची, हे ओळखणे आवश्यक असते. सर्वप्रथम संगणकात व्हीपीएन सुरू राहिलेले नाही ना, ते पाहावे. कार्यालयाच्या कामासाठी ते चालू केलेले असते आणि पुढे विसरले जाते. निम्मी रहस्ये येथेच उलगडतात. त्यानंतर आपला आयपी क्रमांक दाखवणारी दोन-तीन वेगवेगळी संकेतस्थळे उघडावीत. एकच संकेतस्थळ चुकत असेल, तर दोष त्याच्या तक्त्याचा. सगळीच एकमुखाने मुंबई म्हणत असतील, तर कारण सेवा कंपनीच्या जाळ्यात आहे. राऊटर काही मिनिटे बंद ठेवून पुन्हा सुरू केल्यास कधी नवा क्रमांक मिळतो आणि ठिकाण सुधारते, पण हा इलाज नशिबाचा. आज मिळालेला चांगला क्रमांक उद्या शेजाऱ्याकडे जातो.

नकाशाचा ठिपका चुकत असेल, तर प्रकरण वेगळे. ब्राउझरला ठिकाण पाहण्याची परवानगी दिलेली असेल, तर तो आयपी क्रमांकापेक्षा आसपासच्या वाय-फायवर अधिक विसंबतो. प्रत्येक राऊटरचे वाय-फाय स्वतःचा एक ओळख क्रमांक सतत प्रसारित करत असते. रस्त्याने जाणाऱ्यांचे मोबाइल तो टिपतात आणि आपल्या उपग्रहाधारित स्थानासह मोठ्या कंपन्यांच्या भांडाराकडे पाठवतात. आता कर्जत-खालापूर पट्ट्यात मुंबईकरांची दुसरी घरे किती, हे सांगायला नको. दादरच्या सदनिकेत नवे यंत्र बसले, की जुना राऊटर फार्महाऊसवर जातो आणि सोबत दादरचा पत्ताही घेऊन जातो. दादरला दाराखालून दिवसाला हजारो मोबाइल जातात. फार्महाऊसच्या कच्च्या रस्त्याने जाणारे मोजकेच. त्यामुळे भांडारातील जुनी नोंद पुसली जायला वेळ लागतो. घरच्यांनी मोबाइलवरील ठिकाण सुविधा चालू ठेवून राऊटरजवळ नकाशा वापरत राहिल्यास ही नोंद लवकर सुधारण्याची शक्यता असते.

कर्जतकरांच्या वाट्याला आणखी एक त्रास येतो. कर्जत तालुका रायगडात आहे तसाच अहिल्यानगर जिल्ह्यातही आहे. नुसते ‘कर्जत’ टाकले की संकेतस्थळ कधी कोकणातून थेट दुष्काळी पट्ट्यात नेऊन सोडते. येथे तंत्रज्ञान बिचारे निर्दोष असते. नावापुढे रायगड लिहावे, म्हणजे झाले.

तक्त्यातील चूक मात्र तक्ता करणाऱ्याकडेच दुरुस्त होते. मॅक्समाइंडसह अशा प्रमुख कंपन्यांच्या संकेतस्थळांवर दुरुस्तीचा अर्ज असतो आणि तो भरण्यास पैसे पडत नाहीत. आयपी क्रमांक, दिसणारे ठिकाण आणि खरे ठिकाण एवढे कळवावे लागते. अर्ज मान्य झाला, तरी इतर संकेतस्थळे आपापल्या प्रती केव्हा बदलतील, ते त्यांच्यावर अवलंबून असते, म्हणून काही आठवडे धीर धरावा. क्रमांक सामायिक असेल, तर ग्राहकाचा अर्ज फारसा टिकत नाही. एकाच क्रमांकाचे खोपोलीकर आणि पनवेलकर दोघेही आपापले गाव सांगत राहतात. तेव्हा सेवा कंपनीच्या तक्रार कक्षालाच गाठावे लागते. कोणता गठ्ठा कोणत्या गावात वापरात आहे, याची यादी कंपन्यांनी स्वतःच प्रसिद्ध करण्याची ‘जिओफीड’ नावाची पद्धत २०२० मध्ये प्रमाणित स्वरूपात मांडली गेली आहे. तक्रारीत या शब्दाचा उल्लेख केल्यास ती ‘राऊटर बंद करून पुन्हा चालू करा’ म्हणणाऱ्या पहिल्या पायरीवरून पुढे, जाळे सांभाळणाऱ्या अभियंत्यांपर्यंत पोहोचण्याची आशा असते. कंपनीचे उत्तर येईपर्यंत, विशेषतः पावसाळ्यात, हवामानाच्या पानावर ‘खालापूर, रायगड’ हे नाव हाताने लिहून कायम करून ठेवावे. त्याला आयपी क्रमांक विचारला जात नाही.