क्रेव्हन, पीटर
(२१ जून १९३४ – २४ सप्टेंबर १९६३). स्पीडवे या मोटारसायकल-शर्यतीचा विख्यात इंग्लिश क्रीडापटू व दोन वेळचा जगज्जेता. जन्म लिव्हरपूल येथे.

स्पीडवे शर्यतीत चार चालक सुट्या मातीच्या लंबवर्तुळाकार धावमार्गावर, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने चार फेऱ्या मारतात. या ५०० घ. सेंमी. क्षमतेच्या मोटारसायकलींना एकच गिअर असतो; ब्रेक मात्र मुळीच नसतो. वळणावर मागचे चाक बाहेरच्या बाजूस घसरू देऊन व पुढचे चाक वळणाच्या उलट दिशेस धरून वेग आणि दिशा यांवर ताबा ठेवावा लागतो. अशा वेळी पोलादी तळव्याचा जोडा घातलेल्या डाव्या पायाचा आधार घेतात.

क्रेव्हन अंगकाठीने लहानखुरा होता. अवजड वाहन केवळ बळाने आवरणे त्याला शक्य नव्हते. ही उणीव त्याने शरीराचा भार अचूक क्षणी मागेपुढे करून भरून काढली. म्हणूनच त्यास ‘समतोलाचा जादूगार’ असे संबोधीत.

प्रारंभी तो लिव्हरपूलच्या संघाकडून खेळला. नंतर मँचेस्टरच्या बेल व्ह्यू संघात तो गेला व अखेरपर्यंत त्याच संघात राहिला. १९५५ मध्ये वेम्ब्ली येथील अंतिम स्पर्धेत, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्याने जागतिक अजिंक्यपद मिळविले. १९५७ व १९६० मध्ये तो तिसरा आला. १९६० मध्ये तर स्वीडनचा ऊव्ह फुंडीन, न्यूझीलंडचा रॉनी मूर व क्रेव्हन या तिघांचे गुण समान झाल्याने निर्णायक शर्यत घ्यावी लागली. १९६२ मध्ये वेम्ब्लीलाच १५ पैकी १४ गुण मिळवून तो पुन्हा जगज्जेता झाला. हे पद दोनदा जिंकणारा तो पहिला इंग्लिश चालक होय. त्याच्यानंतर हा मान दुसऱ्या इंग्लिश चालकास मिळण्यास २०१५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी टाय वॉफिंडेन दुसऱ्यांदा विजयी झाला.

१९६३ मध्ये बेल व्ह्यू संघाने नॅशनल लीगचे विजेतेपद पटकाविले. त्याच वर्षी २० सप्टेंबर रोजी एडिंबरो येथील मेडोबँक मैदानावर क्रेव्हनच्या पुढे असलेला चालक कोसळला. त्याला वाचविण्यासाठी क्रेव्हनने वाहन एकदम बाजूस वळविले व तो कुंपणावर आदळला. चार दिवसांनी त्याचा मृत्यू झाला. ब्रेक नसलेल्या वाहनावरील या खेळात पुढील चालक अकस्मात पडल्यास मागच्याला थांबता येत नाही, केवळ वळता येते. क्रेव्हनचे असामान्य कौशल्यही त्या क्षणी दुसऱ्याच्या कामी आले, त्याच्या स्वतःच्या नव्हे.