छप्पर नसलेल्या गाडीचा ताठपणा
(लेखमाला : चाकं आणि चौकट, भाग सातवा)

लालबागचा उड्डाणपूल २०११ मध्ये खुला झाला. टप उघडलेली छोटी स्पोर्ट्स कार त्याच्यावरून जाते तेव्हा पुलाचा प्रत्येक सांधा चालवणाऱ्याच्या मनगटाला कळतो. स्टिअरिंग थरथरतं, पुढच्या काचेची चौकट डोळ्यांदेखत हलते, दाराच्या कुलपापाशी बारीक कुरकुर होते. गॅरेजमध्ये गेल्यावर पहिला संशय शॉकअपवर येतो. शॉकअप बदलले जातात, बुश बदलले जातात आणि तरी थरथर राहते. गेल्या भागात स्प्रिंग आणि शॉकअप पाहिले. पण ते ज्या सांगाड्याला जोडलेले असतात तोच पीळ खात असेल, तर त्यांचं निम्मं काम वाया जातं.

बंद गाडीचं छप्पर फक्त पावसापुरतं नसतं. जमीन, दाराखालच्या पेट्या, काचेचे खांब आणि छप्पर मिळून एक बंद नळी तयार होते, आणि पीळ रोखण्यात बंद नळीला तोड नाही. १० सेंटिमीटर व्यासाची, १ मिलिमीटर जाड पत्र्याची पोलादी नळी घ्या आणि तिला लांबीभर एक चीर द्या. वजन तेवढंच, लोखंड तेवढंच. पण पिळाविरुद्धचा ताठपणा सुमारे ७,५०० पटींनी घटतो. गाडी इतकी साधी नळी नसते, म्हणून छप्पर काढल्यावर तोटा एवढा भयंकर होत नाही. दिशा मात्र तीच. शिवाय वाकण्याविरुद्धची उंचीही जाते. आधी जमिनीपासून छपरापर्यंत जो मीटरभराहून अधिक उंचीचा तुळईसारखा भाग होता, त्याच्या जागी दाराखालच्या वीतभर पेट्या उरतात.

मनगटाला जाणवणाऱ्या थरथरीचं कारणही इथेच सापडतं. खड्ड्यावरून गेल्यावर चाक आणि त्याचा आस सेकंदाला साधारण १० ते १५ वेळा थडथडतो. चांगल्या बंद गाडीचा सांगाडा पिळून कंप पावतो तो याहून बऱ्याच वरच्या वेगाने, म्हणून दोघांची गाठ पडत नाही. छप्पर गेलं की सांगाड्याच्या कंपाचा वेग खाली उतरतो, चाकांच्या कंपाच्या वेगाजवळ येतो आणि दोघं एकमेकांना साथ देऊ लागतात. ब्रेसिंगचं, म्हणजे सांगाड्याला जादा दांडे आणि पट्ट्या जोडून तो ताठ करण्याचं, खरं काम ही गाठ मोडण्याचं आहे. वळणावर गाडी तीरासारखी जावी ही हौस नंतरची.

मुंबईला या प्रश्नाची ओळख जुनी आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या फियाट ११०० ला वेगळी चासी नव्हती. पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. लग्नाच्या वरातीसाठी, सिनेमासाठी छप्पर कापलेल्या फियाट या शहराने पाहिल्या आहेत. कापलेल्या फियाटची दारं काही दिवसांत घासू लागतात, कारण मधला भाग खाली बसतो आणि फट वरून बंद होत जाते. खुद्द इटलीतल्या फियाटने १९५५ मध्ये याच ११०० वर दोन सीटची उघडी गाडी काढली, तिचं नाव ट्रास्फॉर्माबिले. तिथे नुसतं छप्पर कापून भागवलं नाही, बॉडीच निराळी घडवली. आजही कुणी जुनी पद्मिनी (हीच फियाट, नंतरच्या नावाने) घेऊन कटरवाल्याकडे निघाला असेल, तर त्याला थांबवावं. त्या गाडीचं नुकसान कुठलाही दांडा भरून काढत नाही.

दुसरी वाट ब्रिटनच्या लोटसने दाखवली. १९६२ च्या एलान या उघड्या गाडीत फायबरच्या बॉडीखाली पत्रा दुमडून केलेली एक पेटी मधोमध कण्यासारखी जाते आणि दोन्ही टोकांना तिचे फाटे फुटतात. सगळा पीळ तीच झेलते, त्यामुळे छप्पर असो वा नसो, फरक पडत नाही. लोटसच्याच सेव्हन या १९५७ च्या गाडीची तऱ्हा आणखी वेगळी : बारीक नळ्यांची त्रिकोणी चौकट. तिच्याच धर्तीवरची रोडस्टर महाराष्ट्रात, अलिबागजवळ बनली. चिंकारा मोटर्सच्या या गाडीत इसुझूचं १.८ लिटरचं, म्हणजे पेट्रोल अँबॅसडरमधलं इंजिन आणि फायबरची बॉडी. लालबागहून भाऊचा धक्का फार लांब नाही, आणि २०२० पासून तिथून मांडव्याला रो-रो बोट जाते. गाडी बोटीत चढवून तिच्या माहेरी नेता येते. अशा नळ्यांच्या चौकटीत फायबरच्या बॉडीकडून ताठपणाची आशा धरू नये. तिथे ब्रेसिंग म्हणजे रिकाम्या चौकोनांत तिरप्या नळ्या भरणं. सगळ्यांत मोठा रिकामा चौकोन असतो तो माणसं बसतात त्या खोबणीचा, आणि नेमका तोच भरता येत नाही. म्हणून गिअरबॉक्सवरचा मधला बोगदा वरून पत्रा लावून बंद करणं अशा गाडीत फार मोलाचं ठरतं.

चौकोन आणि त्रिकोण यांतला फरक लालबागमध्ये वेगळा शिकवावा लागत नाही. गणपतीच्या मंडपाचा उंच सांगाडा उभा राहतो तेव्हा कारागीर उभ्या-आडव्या बांबूंवर थांबत नाही. तिरपी कैची मारल्याशिवाय तो वर माणूस चढवत नाही. गाडीच्या पोटाखालीही हीच कैची शोधायची.

आता जगातल्या सगळ्यांत लोकप्रिय छोट्या उघड्या गाडीकडे, माझ्दा एमएक्स-५ कडे वळू. ती भारतात अधिकृतपणे कधी विकली गेली नाही, तरी ब्रेसिंगचं शास्त्र समजायला तिच्यासारखी गाडी नाही. १९८९ मध्ये ती आली तेव्हा गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत अॅल्युमिनियमची एक लांब तुळई तिच्यात होती. अनेकांना वाटतं की हीच गाडीचा कणा. खरं तर ती यंत्रं एका रेषेत धरते. बॉडीचा पीळ फारसा रोखत नाही. १९९४ मध्ये १.८ लिटरचं इंजिन आलं, तेव्हा कंपनीनेच सीटमागच्या बेल्टच्या दोन खांबांना जोडणारा आडवा दांडा घातला आणि पुढच्या-मागच्या सबफ्रेमना खालून आधार दिले. हा क्रम नीट पाहावा. कारखान्याच्या इंजिनिअरांनी वाढीव वजन खर्च केलं ते माणसं बसतात त्याच्या मागे आणि गाडीच्या पोटाखाली.

दुकानात गिऱ्हाईक मात्र आधी उचलतं तो बॉनेटखालचा, दोन शॉकअपची वरची टोकं जोडणारा चकचकीत स्ट्रट बार. मॅकफर्सन स्ट्रट असलेल्या गाडीत त्याला अर्थ आहे, कारण तिथे चाकाचा आडवा जोर थेट शॉकअपच्या वरच्या टोकाला पोचतो. एमएक्स-५ च्या पहिल्या दोन पिढ्यांत चारही चाकांना दुहेरी विशबोन आहेत. वरच्या टोकाला प्रामुख्याने उभा भार येतो. तिथे हा बार सगळ्यांत शेवटी घ्यावा. ज्याचे पैसे एकाच गोष्टीला पुरतात, त्याने तो घेऊच नये.

बार कुठलाही असो, तो सरळ आहे का ते आधी बघावं. २५ मिलिमीटर व्यासाची, २ मिलिमीटर जाडीची मीटरभर सरळ पोलादी नळी १ मिलिमीटरने ताणायला जवळजवळ ३ टनांचा जोर लागतो. तीच नळी इंजिनाला वाट देण्यासाठी मध्ये ५ सेंटिमीटर वाकवली, की ताठपणा दहाव्या हिश्श्याच्याही खाली जातो. ती आता दांडा राहत नाही, स्प्रिंग होते. दिमाखदार वळणं घेतलेले, कमानदार बार म्हणूनच संशयाने पाहावेत. टोकांची पकडही तितकीच महत्त्वाची. बोल्टच्या भोकात मोकळीक असेल, तर बॉडी तेवढी हलेपर्यंत बार नुसता लटकलेला असतो.

आणि या सगळ्याच्या आधी गंज. मुंबईची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांपुढे नवा बार काय करणार! एमएक्स-५ च्या पहिल्या दोन पिढ्यांत टपावरचं पाणी सीटमागच्या नळ्यांतून मागच्या चाकांच्या पुढे बाहेर पडतं. त्या नळ्या पानं-धुळीने तुंबल्या की पाणी दाराखालच्या पेट्यांत साचतं, आणि उघड्या गाडीचा मुख्य आधार आतून कुजत जातो. वरून रंग शाबूत दिसतो. गाडीखाली शिरून पेटीवर स्क्रू-ड्रायव्हरची मूठ ठोकावी. आवाज बोदा आला तर ब्रेसिंगचे पैसे आधी डेंटिंगवाल्याला द्यावेत. पोटाखालच्या लांब पट्ट्याही पाहाव्यात. चुकीच्या जागी जॅक लावल्याने त्या चेपलेल्या सापडतात, आणि चेपलेली पट्टी भार घेत नाही.

पत्रा धडधाकट असेल तर पहिला खर्च या लांब पट्ट्यांना वरून बसणाऱ्या, पुढपासून मागपर्यंत जाणाऱ्या जाड पत्र्याच्या पन्हळीवर करावा. त्यानंतर दोन पट्ट्यांना तिरपी जोडणारी पोटाखालची कैची, जिला फुलपाखराच्या आकाराची ब्रेस म्हणतात. मुंबईत इथे एक अडचण येते : स्पीडब्रेकर. आधीच बुटकी गाडी आणखी खाली आली, तर ब्रेस रस्त्याला घासते आणि तिचे बोल्ट उखडतात. पोटाला चिकटून बसणारी, थोडी कमी ताठ ब्रेस इथे जास्त उपयोगाची. सीटमागचा रोल बार मागचा भाग चांगला बांधतो, पण तो डोक्याच्या जवळ असतो. मऊ आवरणाशिवाय, हेल्मेटविना, तो अपघातात घातक ठरू शकतो.

कायद्याचाही विचार हवा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या ५२ व्या कलमानुसार नोंदणीतला तपशील मूळ निर्मात्याने दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरबदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम काटेकोरपणे लावलं. त्यामुळे चासी कापणं किंवा वेल्ड करून तिचं रूप बदलणं टाळावं. मूळच्या भोकांत बसणारी, काढता येणारी ब्रेस निवडावी आणि तिच्याबद्दलही आधी आरटीओत विचारून घ्यावं.

बसवताना गाडी चारही चाकांवर उभी असावी. जॅकवर लटकलेली बॉडी थोडी पिळलेली असते, आणि त्या अवस्थेत बोल्ट आवळले तर तो पीळ कायमचा कोंडला जातो. काही आठवडे चालवल्यावर बोल्ट पुन्हा तपासावेत.

फरक पडला का, हे कानावर सोडू नये. काम सुरू करण्याआधी सपाट जागी पुढच्या एका कोपऱ्याखाली, ठरलेल्या जागीच, जॅक लावून चाक जमिनीवरून सुटेपर्यंत उचलावं आणि दाराच्या मागच्या कडेची फट वर आणि खाली फीलर गेजने मोजावी. गाडी खाली असतानाची मापं शेजारी लिहावीत. प्रत्येक ब्रेस बसवल्यावर, त्याच जागी जॅक लावून, तीच मापं पुन्हा घ्यावीत. आकडा हलला नाही तर ती ब्रेस काढून परत करावी. छोट्या गाडीत प्रत्येक किलोची किंमत मोजावी लागते.

(पुढच्या भागात : टायरमधली हवा आणि मुंबईचा ओला रस्ता)