लाओसचे नेते अभ्यासताना: खुर्ची एकाची, सत्ता दुसऱ्याची

राजकीय नेतृत्वावर सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या बहुतेकांची पहिली पायरी ठरलेली असते. देश निवडायचा, त्याच्या राष्ट्राध्यक्षांची आणि पंतप्रधानांची यादी काढायची, शेजारी कार्यकाळ लिहायचा आणि त्या तक्त्यावरून 'नेतृत्वाचा प्रवास' मांडायचा. काही देशांत हे थोडंफार चालून जातं. लाओसला ही पद्धत लावून बघा. तक्त्यातली एकही नोंद चुकीची नसेल आणि तरी निष्कर्ष चुकेल.

तक्ता सांगेल की २ डिसेंबर १९७५ला लाओसमधली राजेशाही संपली, कम्युनिस्टांचं प्रजासत्ताक आलं आणि त्याचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले सुफानुवोंग. पंतप्रधान झाले कायसोन फोमविहान. म्हणजे पहिल्या क्रमांकाचे नेते सुफानुवोंग, दुसऱ्या क्रमांकाचे कायसोन. शिवाय सुफानुवोंग स्वतः राजघराण्यातले! राजा घालवला आणि राजपुत्र बसवला, असा मोहक निष्कर्ष हाताशी येतो. प्रत्यक्षात देश चालवत होते कायसोन, कारण पक्षाचं सरचिटणीसपद त्यांच्याकडे होतं, आणि तेही १९५५पासून. पदांच्या तक्त्यात पक्षाला रकानाच नाही, म्हणून हे दिसत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. लाओस १८९३पासून फ्रेंचांच्या ताब्यात होता. १९४५मध्ये जपान हरल्यावर 'लाओ इस्सारा', म्हणजे मुक्त लाओ, नावाच्या चळवळीने स्वतंत्र सरकार स्थापन केलं. १९४६मध्ये फ्रेंच परत आले आणि ते मोडलं. पूर्ण स्वातंत्र्य १९५३मध्ये मिळालं. त्यानंतर एका बाजूला अमेरिकेच्या पाठिंब्यावरचं राजाचं सरकार आणि दुसऱ्या बाजूला उत्तर व्हिएतनामच्या पाठिंब्यावरची 'पाथेट लाओ' चळवळ, असा यादवीचा काळ मधल्या आघाडी सरकारांसह १९७५पर्यंत चालला.

या काळाबद्दल वाचताना सगळ्यात आधी भेटते ती भावांची गोष्ट. लुआंग प्रबांगचे उपराज बुनखोंग यांचे तीन मुलगे: फेत्सरात (जन्म १८९०), सुवन्ना फूमा (१९०१) आणि सुफानुवोंग (१९०९). पहिले दोघे सख्खे, तिसरे सावत्र. तिघेही लाओ इस्सारात होते. १९४९मध्ये वाटा फुटल्या. सुवन्ना फूमा परत आले आणि पुढे अनेकदा पंतप्रधान झाले, सुफानुवोंग व्हिएतनामी कम्युनिस्टांच्या बाजूला गेले, आणि फेत्सरात १९५७पर्यंत थायलंडमध्येच राहिले. पत्रकारांना ही गोष्ट फार आवडली आणि सुफानुवोंग 'लाल राजपुत्र' म्हणून जगभर प्रसिद्ध झाले. (१९६०च्या दशकातल्या लिखाणात 'तीन राजपुत्र' आले तर मात्र थांबा. तिथे तिसरे बहुधा फेत्सरात नसून उजव्या गटाचे, चंपासाकच्या घराण्यातले बून ऊम असतात.)

सुफानुवोंग यांची कारकीर्द खरोखर लक्षवेधी आहे. फ्रान्समध्ये शिकलेले स्थापत्य अभियंता, नोकरी व्हिएतनाममध्ये, पत्नी व्हिएतनामी. मार्च १९४६मध्ये थाखेकच्या लढाईत ते जखमी झाले. १९५७च्या आघाडी सरकारात नियोजनमंत्री झाले. मे १९५८च्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पक्षाने आणि मित्रपक्षाने २१पैकी १३ जागा जिंकल्या आणि ते स्वतः राजधानी व्हिएनतिआनमधून निवडून आले. पुढच्याच वर्षी उजव्या सरकारने त्यांना तुरुंगात टाकलं, आणि मे १९६०मध्ये ते पहारेकऱ्यांनाच आपल्या बाजूला वळवून त्यांच्यासकट पळाले. चरित्रकाराला अजून काय हवं?

आता कायसोन यांच्याकडे बघा. जन्म १९२०, सावन्नाखेत प्रांतातलं ना सेंग गाव. वडील फ्रेंच प्रशासनात नोकरी करणारे व्हिएतनामी, आई लाओ. शिक्षण हनोईत. २२ मार्च १९५५ला लाओ जनता पक्ष स्थापन झाला तेव्हा त्याचं नेतृत्व त्यांच्याकडे आलं. हा पक्ष गुप्त होता. लोकांसमोर होती ती आघाडीची संघटना, आणि तिचा चेहरा होते सुफानुवोंग. युद्धाच्या काळात नेतृत्व हुआफान प्रांतात व्हिएंगसायच्या गुहांत राहून काम करत होतं. वर अमेरिकन विमानांची बॉम्बफेक, आत कार्यालयं, बैठकीच्या खोल्या, इस्पितळसुद्धा. १९७५मध्ये कायसोन पंतप्रधान म्हणून समोर आले तेव्हा देशातल्या बहुसंख्य लोकांना हा माणूस कोण, हेच ठाऊक नव्हतं.

संशोधकासाठी इथे खरी अडचण आहे. ज्याच्याबद्दल साधनं भरपूर, तो महत्त्वाचा वाटतो. सुफानुवोंग यांच्यावर बातम्या आहेत, फोटो आहेत, मुलाखती आहेत. कायसोन यांच्यावर त्या वीस वर्षांतलं फार थोडं आहे, आणि ते थोडं असणं हेच त्यांच्या कामाच्या पद्धतीचं लक्षण आहे. नुसती नावं मोजून महत्त्व ठरवणार असाल, तर प्रश्न बदला किंवा देश बदला.

मग सत्ता मोजायची कशी? एक सोपं आणि उपयोगी साधन म्हणजे पॉलिटब्युरोच्या नावांचा क्रम. १९७२च्या दुसऱ्या अधिवेशनात पक्षाने नावात 'क्रांतिकारी' शब्द घातला. तेव्हाच्या पॉलिटब्युरोत पहिलं नाव कायसोन, दुसरं नूहाक फूमसावान, तिसरं सुफानुवोंग. म्हणजे तीन वर्षांनी राष्ट्राध्यक्ष होणारा माणूस पक्षात तिसरा होता, आणि दुसऱ्या क्रमांकाचे नूहाक, जे तरुणपणी मालवाहतुकीचा धंदा करायचे, ते पदांच्या तक्त्यात उपपंतप्रधान म्हणून कुठेतरी खाली दिसतात. कम्युनिस्ट पक्षांत हा क्रम सहसा अक्षरानुक्रमाने लागत नाही. तो स्वतंत्र माहिती म्हणून वाचायचा.

पण हा नियमही सगळ्या काळाला सरसकट लावू नका. १९९१मध्ये नवी राज्यघटना आली आणि कायसोन स्वतः राष्ट्राध्यक्ष झाले. नोव्हेंबर १९९२मध्ये ते वारले, तेव्हा त्यांची दोन पदं दोघांकडे गेली: राष्ट्राध्यक्षपद नूहाक यांच्याकडे, पक्षाचं अध्यक्षपद खामताय सिफानदोन यांच्याकडे. खरं वजन पुन्हा पक्षाकडे, म्हणजे खामताय यांच्याकडे. १९९८मध्ये तेच राष्ट्राध्यक्षही झाले आणि तिथून दोन्ही पदं एकाच माणसाकडे जाऊ लागली: २००६ला चूममाली सायासोन, २०१६ला बुनयांग वोराचित, २०२१ला थोंगलून सिसुलित. म्हणजे १९९८नंतरच्या काळात आपला सुरुवातीचा भाबडा तक्ता बऱ्यापैकी खरं बोलतो! कालखंड कुठे तोडायचा हे गाईडने विचारलं तर सांगण्यासारखं कारण तुमच्याकडे आहे.

पदाचं नाव किती फसवू शकतं, याचं सगळ्यात गंभीर उदाहरण 'सल्लागार' या शब्दात आहे. डिसेंबर १९७५मध्ये राजा सावांग वत्थना यांनी गादी सोडली. नव्या राजवटीने त्यांना राष्ट्राध्यक्षांचे सल्लागार केलं. मावळते पंतप्रधान सुवन्ना फूमा यांना सरकारचे सल्लागार केलं. तक्त्यात दोघं शेजारीशेजारी बसतील. सुवन्ना फूमा व्हिएनतिआनमध्येच राहिले आणि जानेवारी १९८४मध्ये तिथेच वारले. राजाला मात्र मार्च १९७७मध्ये कुटुंबासह हुआफानच्या डोंगराळ भागात छावणीत नेलं गेलं, आणि ते परत आले नाहीत. मृत्यू झाल्याची कबुली कायसोन यांनी दिली ती १९८९मध्ये, फ्रान्सच्या दौऱ्यावर असताना. तो कधी झाला याबद्दल वेगवेगळ्या साधनांत वेगवेगळी वर्षं सापडतात. तुमच्या तक्त्यात 'मृत्यू' हा रकाना असेल तर तिथे एकच वर्ष भरून मोकळे होऊ नका. कोण काय म्हणतं ते तळटीपेत द्या. हा रकाना कोरा ठेवला तरी चालेल, पण कोरा का ठेवला ते लिहा. मला स्वतःला हा कोरा रकाना त्या राजवटीबद्दल पुष्कळ सांगणारा वाटतो.

राजीनाम्यांच्या बाबतीतही हीच सावधगिरी हवी. डिसेंबर २०१०मध्ये पंतप्रधान बुआसोन बुफावान यांनी मुदत संपायच्या आधीच पद सोडलं. जाहीर कारण कौटुंबिक अडचणी. यामागे पक्षातली गटबाजी असावी असं अनेक अभ्यासकांनी लिहिलं आहे. असेलही. पण प्रबंधात 'जाहीर कारण असं होतं, निरीक्षकांचा अंदाज असा होता' ही दोन वेगळी वाक्यं हवीत. दोन्ही एकत्र करून 'गटबाजीमुळे काढलं' असं लिहिलंत, तर व्हायवात पहिला प्रश्न तिथेच येईल.

घराणेशाहीबद्दलही हेच. खामताय यांचा मुलगा सोनसाय सिफानदोन डिसेंबर २०२२मध्ये पंतप्रधान झाला. खामताय स्वतः २०२५मध्ये, वयाच्या १०१व्या वर्षी वारले. बाप आणि मुलगा ही वस्तुस्थिती. 'लाल घराणी' हे विवेचन, आणि ते एका कुटुंबावरून सिद्ध होत नाही. मध्यवर्ती समितीत अशी किती नाती आहेत, हे पिढ्यांनुसार मोजावं लागेल. कुणाला विषय हवा असेल तर हा चांगला आहे. पानी याथोतू यांचाही: ह्मोंग समाजातल्या, २०१०मध्ये राष्ट्रीय सभेच्या पहिल्या महिला अध्यक्ष, २०२१मध्ये उपराष्ट्राध्यक्ष. त्याच ह्मोंग समाजातले वांग पाओ अमेरिकेच्या बाजूने लढले आणि २०११मध्ये कॅलिफोर्नियात वारले. परदेशात गेलेल्या ह्मोंगांसाठी नेता म्हणजे ते. लाओसमधल्या अधिकृत इतिहासात मात्र ते शत्रूच्या रकान्यात. 'उल्लेखनीय नेते' ही यादी कोण करतंय, यावर ती अवलंबून असते.

साधनांबद्दल दोन गोष्टी. लाओ, फ्रेंच किंवा व्हिएतनामी येत नसेल तर हा विषय अवघड आहे, हे खोटं कशाला सांगू. पण भारतातल्या विद्यार्थ्याला एक वाट आहे जिच्याकडे आपलं फारसं लक्ष जात नाही. १९५४च्या जिनिव्हा करारानंतर लाओसवर देखरेखीसाठी जो आंतरराष्ट्रीय आयोग नेमला, त्यात भारत, कॅनडा आणि पोलंड होते, आणि अध्यक्षपद भारताकडे होतं. १९५८मध्ये त्याचं काम थांबलं, १९६१मध्ये पुन्हा सुरू झालं. आयोगाचे अहवाल इंग्रजीत छापलेले आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात परराष्ट्र खात्याच्या फाइली शोधाव्यात, आणि जाण्याआधी 'अभिलेख पटल' या त्यांच्या संकेतस्थळावर लाओसच्या नावाची वेगवेगळी स्पेलिंग टाकून बघावीत.

दुसरी गोष्ट नावांची. लाओसमध्ये आडनाव सक्तीचं झालं ते १९४३मध्ये. आजही माणूस पहिल्या नावानेच ओळखला जातो. म्हणून मजकुरात 'फोमविहान यांनी' असं न लिहिता 'कायसोन यांनी' असं लिहायचं, आणि ग्रंथालयाच्या सूचीत तो दोन्ही नावांखाली शोधायचा. रोमन स्पेलिंग फ्रेंच वळणाची असल्याने एकच माणूस तीन प्रकारे लिहिलेला सापडतो. देवनागरीत आपली जरा सोय आहे. फोमविहान म्हणजे आपल्या ओळखीचं 'ब्रह्मविहार', आणि सुवन्ना फूमामध्ये 'सुवर्णभूमी' लगेच ऐकू येते. फक्त फ चा उच्चार 'फळा'तल्यासारखा करायचा, 'फोटो'तल्यासारखा नाही.