निळ्या रक्ताची राखण

बजाजनगरहून पहिल्या शिफ्टला निघालेले काही जण वाळूज एमआयडीसीत गाड्यांच्या असेंब्ली लाइनवर उभे राहतात, तर काही औषध कंपन्यांच्या क्यूसी लॅबमध्ये. इंजेक्शनची बॅच बाजारात जाण्याआधी एंडोटॉक्सिन टेस्टमधून पार पडावी लागते. तिच्या जुन्या, सोप्या पद्धतीत औषधाचा नमुना आणि एलएएल हे द्रव्य छोट्या नळीत एकत्र करून ३७ अंशांवर तासभर ठेवतात आणि नळी उलटी करतात. आतला गोळा न ओघळता तळाला चिकटून राहिला, की समजायचं, नमुन्यात जिवाणूंचं विष आहे. जिवाणू उकळून मरतात. हे विष उरतं आणि रक्तात गेलं तर ताप भरतो, जीवही जातो.

एलएएल मिळतं अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या हॉर्सशू क्रॅबच्या रक्तपेशींतून. नावाला खेकडा, पण नातं कोळी-विंचवांशी. त्याच्या कुळाचे जीवाश्म सुमारे ४४ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत, आणि रक्तात तांबं असल्याने ते निळं दिसतं.

माणसाने त्याला आधी रंगवलं. सोळाव्या शतकात जॉन व्हाइट या इंग्रज चित्रकाराने अमेरिकेतल्या मूलनिवासींच्या मासेमारीचं जलरंगचित्र काढलं, त्यात हा प्राणी आहे. तैवानच्या किनमेन बेटावर त्याच्या कवचावर वाघाचा चेहरा रंगवून दारावर टांगतात. आपल्याकडे काळी बाहुली बांधतात, तशीच ही राखण.

मग विज्ञान आलं. त्याच्या डोळ्यावर काम केलेल्या हार्टलाइन यांना १९६७ साली नोबेल मिळालं. फ्रेडरिक बँग यांना १९५६ मध्ये आढळलं, की जिवाणू शिरताच या प्राण्याचं रक्त गोठतं. जॅक लेव्हिन यांच्यासोबत त्यांनी त्यातून चाचणी घडवली आणि सशांना टोचून ताप मोजायची पद्धत हळूहळू मागे पडली.

सशांची सुटका झाली, पण भार या प्राण्यावर आला. रक्त काढून समुद्रात सोडलेल्यांपैकी बरेच मरतात. भारतात त्याच्या दोन जाती ओडिशा-बंगालच्या किनाऱ्यावर आहेत. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले अनिल चॅटर्जी यांनी त्यांचा अनेक वर्षं अभ्यास केला. पौर्णिमा-अमावास्येच्या भरतीला जोडीने वाळूवर येऊन अंडी घालणाऱ्या या जीवाला मोकळा किनारा हवा.

त्याला सोडवण्याची वाट सिंगापूरमध्ये सापडली. डिंग जीक लिंग आणि हो बाऊ यांनी त्याच्या रक्तातला ‘फॅक्टर सी’ हा घटक जनुकतंत्राने प्रयोगशाळेत बनवला. युरोपीय औषधसंहितेत २०२१ पासून या घटकावर आधारलेल्या चाचणीला स्वतंत्र स्थान आहे. प्रत्येक औषधासाठी ती नव्याने पडताळून घ्यावी लागते, हे काम वेळखाऊ आहे. तरी वाळूजच्या लॅबनीही ते हाती घ्यावं. या नव्या चाचणीत गोळ्याची वाट पाहावी लागत नाही: विष असेल तर द्रावण चमकतं आणि यंत्र ती चमक मोजतं.