पहिली स्पोर्ट्स बाईक : घेण्याआधी

प्रकार
• स्पोर्ट्स : हँडल खाली, फूटरेस्ट मागे, पुढे व बाजूंना फेअरिंग (वारा कापणारे आवरण). चालवणारा पुढे झुकतो. मनगटांवर भार येतो.
• नेकेड : फेअरिंग नाही, हँडल उंच, पाठ बरीचशी ताठ.

ताकद
• यामाहा आर १५ : १५५ सीसी, सुमारे १८ बीएचपी.
• केटीएम आरसी ३९० : ३७३ सीसी, सुमारे ४३ बीएचपी. उत्पादन पुण्याजवळ चाकणला.
• ६०० सीसीच्या चार सिलिंडरच्या सुपरस्पोर्ट : १०० बीएचपीहून अधिक.

ब्रेक
• एबीएस : जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ देत नाही. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील सर्व नव्या दुचाकींना सक्तीचे.
• सिंगल चॅनेल : फक्त पुढच्या चाकाला. ड्युअल चॅनेल : दोन्ही चाकांना.

परवाना
• गिअरच्या दुचाकीसाठी किमान वय १८.
• लर्निंग लायसन्सची मुदत ६ महिने. पक्क्या परवान्याची चाचणी ३० दिवसांनंतर.

विमा
• नव्या दुचाकीला ५ वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा (सप्टेंबर २०१८ पासून).
• स्वतःच्या गाडीचे नुकसान किंवा चोरी त्यात येत नाही. त्यासाठी वेगळे संरक्षण.

हेल्मेट
• आयएसआय चिन्ह, मानक आयएस ४१५१. मागे बसणाऱ्यालाही सक्तीचे.
• नियमभंग : १,००० रुपये दंड, परवाना ३ महिने निलंबित (मोटार वाहन कायदा, कलम १९४ ड).

शोरूममध्ये तपासा
• बसल्यावर पाय जमिनीला टेकतात का.
• इंजिन बंद असताना गाडी मागे ढकलता येते का.
• क्लच व ब्रेकच्या लिव्हरपर्यंत बोटे पोहोचतात का.